बाटलीच्या काचेची वाळू: कोणत्या कामाला, किती आणि कशी

६५० मिलीची बिअरची रिकामी बाटली साधारण अर्धा किलो भरते. अशा शंभर बाटल्या फोडून बारीक केल्या की जेमतेम एक फरमा भरतो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढं माप. हा हिशेब आधी करून ठेवा. मागच्या पडवीत दीडशे बाटल्या साठल्या म्हणून चारशे चौरस फुटांचं अंगण त्यातून होत नाही. खाली दिलेल्या मिश्रणाने एवढ्या अंगणाच्या पेव्हर ब्लॉकना सुमारे आठशे बाटल्या लागतात. दीडशेत सत्तर-पंचाहत्तर चौरस फुटांची पायवाट होते.

दुसरी गोष्ट, अख्ख्या किंवा एका रंगाच्या बाटल्या भंगारवाला विकत घेत असेल तर त्यालाच द्या. काचेच्या भट्टीत १० टक्के भंगार काच घातली की अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते. काँक्रीटमध्ये घालून एवढा फायदा कधीच होत नाही. वाळू करायची ती फुटलेल्या, रंग एकमेकांत मिसळलेल्या, कोणी हात न लावणाऱ्या काचेची. गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम संपल्यावर असला माल हवा तेवढा पडलेला असतो.

कणाचा आकार आधी, काम नंतर

काच म्हणजे एकच माल असं धरून चालणारा हमखास फसतो. चाळणीच्या हिशेबाने तिचे तीन वेगळे माल होतात.

७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालची काच ही वाळू नव्हे, ती सिमेंटची सोबतीण. फ्लाय अ‍ॅशसारखी (वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेसारखी) ती सिमेंटमधल्या चुन्याशी बांधली जाते आणि हळूहळू ताकद देते. साधारण १ ते ५ मिमीची काच दिसायला सर्वांत देखणी आणि काँक्रीटमध्ये सर्वांत घातक. ५ ते २० मिमीची काच सिमेंटशिवाय, सुटी, भरावात किंवा निचऱ्याच्या चरात घालायला उत्तम.

मधल्या आकाराची काच घातक का, हे नीट समजलं तर पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. काचेत ७० टक्क्यांहून थोडी जास्त सिलिका असते, पण ती गारगोटीसारखी घट्ट रचलेली नसते, विस्कळीत असते. सिमेंटच्या पाण्यात सोडियम-पोटॅशियमचा अल्कली उतरतो, पीएच १३च्या वर जातो आणि ही विस्कळीत सिलिका विरघळायला लागते. तिची जेली बनते, ती पाणी ओढते, फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. याला अल्कली-सिलिका अभिक्रिया म्हणतात. कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये हा रोग पहिल्यांदा ओळखला, तो नैसर्गिक खडीत. काचेच्या बाबतीत जेली कणाच्या बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा आतल्या सूक्ष्म भेगांमध्ये जास्त तयार होते. फोडताना बसलेल्या या भेगा मोठ्या कणात शिल्लक राहतात. कण बारीक करत गेलं की तो त्याच भेगांवर तुटतो आणि आत भेग उरतच नाही. म्हणून ६०० मायक्रॉनच्या खाली हा त्रास फार कमी होतो. काँक्रीटला ओल मिळाली नाही तर जेली फुगत नाही हे खरं, पण पावसाळ्यात चार महिने भिजणाऱ्या अंगणाला हा दिलासा कामाचा नाही.

हिरवी काच चालते, पांढरी चालत नाही, असंही ऐकायला मिळेल. हिरव्या काचेतल्या क्रोमियममुळे फुगवटा कमी दिसल्याचे काही निष्कर्ष आहेत, पण सगळ्या चाचण्यांचा कौल एक नाही. रंग पाहून माल निवडू नका, चाळण पाहून निवडा.

कोणती काच घ्यायची

बाटल्या, बरण्या आणि खिडकीची साधी तावदानं चालतात. ही सगळी सोडा-लाइम काच. टफन्ड काचेचे खडेही चालतात. ट्यूबलाइट आणि सीएफएल नकोत, त्यात पारा असतो. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये शिसं असतं, तीही नको. गाडीच्या पुढच्या काचेत प्लास्टिकचा पडदा असतो, तो चाळणीत अडकतो आणि कामात सालीसारखा सुटून येतो. आरशाचा मागचा लेप सिमेंटच्या अल्कलीत काळा पडतो. प्रयोगशाळेतली भांडी वेगळ्या काचेची असतात, ती बाजूला ठेवा. चिनी मातीचे तुकडे चुकून आले तर बिघडत नाही.

धुणं: इथेच निम्मं काम बिघडतं

बाटलीत उरलेली साखर ही सिमेंटची शत्रू. एका पोत्याला पंचवीस ग्रॅम साखर लागली तरी सिमेंट कित्येक तास उशिरा धरतं; त्याहून जास्त झाली तर दुसऱ्या दिवशीही साच्यातला ब्लॉक बोटाने दाबला जातो. सरबत, जाम आणि वाइनच्या बाटल्या असतील तर हा धोका खराच.

बाटल्या फोडण्याआधी चोवीस तास पाण्यात बुडवा, लेबलं सुटतात. फोडल्यावर पुन्हा दोन पाण्यांतून काढा. मग परीक्षा घ्या: एक किलो काच एक लिटर स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी आणि नळाचं पाणी घेऊन एकाच सिमेंटच्या दोन वड्या एकाच वेळी थापा. दोन्हींच्या घट्ट होण्यात अर्ध्या तासाहून जास्त फरक पडला तर काच परत धुवायला टाका. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, बांधकामाच्या पाण्याला हीच अर्ध्या तासाची सूट आहे.

बुचांकडे लक्ष द्या. लोखंडी बुचं लोहचुंबकाला लागतात. राहिली तर फक्त तांबेऱ्याचे डाग पडतील. खरा त्रास अ‍ॅल्युमिनियमच्या फिरकीच्या झाकणाचा. झाकण काढलं तरी त्याची कडी बाटलीच्या गळ्यात राहते आणि चुंबक ती पकडत नाही. ओल्या सिमेंटमध्ये अ‍ॅल्युमिनियममधून हायड्रोजन वायू सुटतो, ब्लॉकच्या अंगावर फुगे येतात आणि साच्यातून काढताना टवके उडतात. कडी पकडीने कापून काढा. शंका असेल तर चुन्याच्या निवळीत मूठभर चुरा टाका. बुडबुडे येत राहिले तर माल साफ नाही.

फोडणं आणि चाळणं

थोडा माल असेल तर जाड पत्र्याच्या पिंपात, वर झाकण ठेवून, मधल्या भोकातून लोखंडी कुटणीने फोडता येतो. पन्नास किलोच्या पुढे गेलात की हॅमर मिलच (फिरत्या हातोड्यांची गिरणी) हवी. गावातली मसाल्याची पल्व्हरायझर मात्र यासाठी कोणाकडे मागू नका. पुढच्या माणसाच्या तिखटात काच जाईल.

फोडताना काच किंचित ओली ठेवा. बाटलीच्या काचेच्या धुळीत दगडी क्रशरच्या धुळीसारखी स्फटिकी सिलिका नसते, त्यामुळे सिलिकोसिसची भीती तेवढी नाही; तरी धूळ नाकाडोळ्यांत टोचते. गॉगल, मास्क, चामडी हातमोजे आणि बूट यांत तडजोड नको. सुती हातमोजे काचेला काहीच नाहीत.

फुटलेली काच रिकाम्या काँक्रीट मिक्सरमध्ये चार-पाच घमेली पाण्यासह वीस मिनिटं फिरवा. कण एकमेकांवर घासून धार मोडते. मूठ हलकी वळून पाहिली तर ती खडीसाखरेसारखी खरखरीत लागायला हवी, टोचायला नको. ही पायरी टाळली तर बिगारी दुसऱ्या घमेल्यालाच काम सोडून जाईल, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

जाळ्या हार्डवेअरच्या दुकानात मेशच्या नंबराने मिळतात: ४ मेश म्हणजे साधारण ४.७५ मिमी, ८ मेश २.३६ मिमी, १६ मेश १.१८ मिमी, ३० मेश ६०० मायक्रॉन. वाळलेला मालच चाळा, ओल्या काचेची भुकटी जाळीला चिकटते. पेव्हरसाठी १६ मेशमधून पडलेला माल घ्या आणि वर राहिलेला परत फोडायला टाका. १० मिमीच्या वरचे तुकडे चपटे, सालीसारखे असतात. ते काँक्रीटमध्ये आडवे बसतात आणि खाली पाण्याचा पोकळ थर धरतात. भरावासाठी ते बाजूला काढून ठेवा.

पायवाटेचे पेव्हर ब्लॉक

घरगुती किंवा लहान कारखान्याच्या पातळीवर काचेचं सर्वांत भरवशाचं काम हेच. एका ५० किलोच्या पोत्याला हे प्रमाण धरा:

पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट ५० किलो
क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ७२ किलो
काचेची वाळू (१.१८ मिमीखालची) १८ किलो
कच आणि १० मिमी खडी मिळून १२० किलो
पाणी २२ लिटर
सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन), डब्यावर लिहिलेल्या मात्रेत

यातून सुमारे ११८ लिटर काँक्रीट होतं. २०० × १०० × ६० मिमीचे, तूटफूट धरून, नव्वदेक ब्लॉक निघतात. चौरस मीटरला पन्नास लागतात.

सिमेंट पीपीसीच का? फ्लाय अ‍ॅश अल्कलीला स्वतःमध्ये बांधून घेते, जेली बनायला मोकळा अल्कली उरत नाही. आयएस १४८९ प्रमाणे पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असू शकते. पण काचेसाठी १५ अपुरी आहे, किमान २५ ते ३० हवी. टक्का पोत्यावर छापलेला असतो, वाचून घ्या. कमी असेल तर वरून फ्लाय अ‍ॅश घाला. महाराष्ट्रात एकलहरे, भुसावळ, परळी, कोराडी, चंद्रपूर या वीजकेंद्रांमुळे ती दुर्मिळ नाही. कमी अल्कलीचं साधं, राख न मिसळलेलं सिमेंट (ओपीसी) घेतलं की भागतं, हा समज इथे फसवा ठरतो. काचेत स्वतःचाच १२-१४ टक्के सोडियम ऑक्साइड असतो. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं सिमेंट मिळत असेल तर स्लॅग ५० टक्क्यांच्या पुढचं घ्या.

काच वाळूच्या वीस टक्केच घेतली आहे, कारण काचेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि सिमेंट त्याला क्रश सँडइतकं धरत नाही. प्रमाण वाढवत नेलं की ताकद उतरते. माप वजनानेच घ्या. काचेचं विशिष्ट गुरुत्व २.५, बेसॉल्टच्या क्रश सँडचं २.७ च्या आसपास. घमेल्याने मोजलं तर दर वेळी वेगळं मिश्रण होईल.

आधी खडी, क्रश सँड आणि काच कोरडी एक मिनिट फिरवा. सिमेंट घालून आणखी एक मिनिट. मग १८ लिटर पाणी आणि उरलेल्या चार लिटरांत सुपरप्लास्टिसायझर कालवून हळूहळू. पुढे दोन-तीन मिनिटं मिक्सर चालू द्या.

इथे गवंड्याशी वाद होतो. काचेचे कण कोनदार, म्हणून मिश्रण मिक्सरमध्ये खरबरीत, कोरडं वाटतं आणि हात आपोआप पाण्याच्या बादलीकडे जातो. पाणी घालू नका. क्रश सँड थोडं पाणी पिते, काच जवळपास शून्य पिते. जादा घातलेलं सगळं पाणी साचे ठेवलेल्या टेबलाला व्हायब्रेटर लागताच वर तरंगतं, ब्लॉकच्या माथ्यावर पांढुरका दुबळा थर बसतो आणि पहिल्या पावसाळ्यात तोच उडतो. मिश्रण कोरडंच राहिलं तर सुपरप्लास्टिसायझर वाढवा, तेही डब्यावरच्या वरच्या मर्यादेपर्यंतच.

साच्यात दोन थरांत भरा. टेबल दहा-पंधरा सेकंद पुरतं. माथ्यावर चमक येऊन फुगे थांबले की बंद करा. साचा दुसऱ्या दिवशी सोडवा. पीपीसी असल्यामुळे चौदा दिवस पाणी मारायचं, सात दिवसांत आटोपायचं नाही. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून मधल्या दुपारी ब्लॉक वाळवणं म्हणजे क्युरिंग नव्हे.

मोठं काम असेल तर आधी प्रयोगशाळेत दोन चाचण्या करून घ्या; सिव्हिलची चांगली प्रयोगशाळा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा. १५० मिमीच्या क्यूबची सात आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद ही एक. दुसरी अमेरिकी मानकातली, एएसटीएम सी १५६७: तुमचीच काच आणि तुमचंच सिमेंट घेऊन २५ × २५ × २८५ मिमीच्या पट्ट्या ओततात आणि ८० अंश सेल्सिअसच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात चौदा दिवस ठेवतात. लांबी ०.१० टक्क्यापेक्षा कमी वाढली तर मिश्रण चालतं. जास्त वाढली तर फ्लाय अ‍ॅश वाढवून पुन्हा करा. अठ्ठावीस दिवसांचा क्यूब उत्तम लागला म्हणून ही चाचणी वगळू नका. फुगवटा क्यूबमध्ये दिसत नाही, तो दोन-तीन पावसाळ्यांनी जाळीदार भेगा आणि कडेला सुटलेल्या चिकट पांढऱ्या जेलीतून दिसतो, आणि मग इलाज नसतो.

मोझॅकची लादी

काचेचा रंग दिसावा यासाठी मोझॅकसारखं काम नाही. पण इथे ३ ते ६ मिमीचा, म्हणजे नेमका घातक आकारच लागतो. म्हणून सिमेंट सांभाळावं लागतं. फ्लाय अ‍ॅशने पांढरं सिमेंट करडं पडतं, त्याऐवजी मेटाकाओलिन (भाजलेल्या चिनी मातीची भुकटी) वापरा. ते पांढरंच असतं. पांढऱ्या सिमेंटच्या वजनाच्या १५ टक्के सिमेंट काढून तेवढं मेटाकाओलिन घाला. या मिश्रणाच्या तीन भागांना संगमरवराची भुकटी एक भाग, वजनाने. मग एका मापाला काचेचे खडे दीड ते पावणेदोन माप.

खाली १:२:४ चा पंचवीस-तीस मिमीचा थर, तो ओला असतानाच वर १० मिमीचा मोझॅकचा. पितळी किंवा काचेच्या पट्ट्यांनी दोन चौरस मीटरपेक्षा मोठा चौकोन होऊ देऊ नका. रूळ फिरवताना खडे वर दाट दिसायला हवेत. कमी वाटले तर मूठभर वरून पसरून दाबा.

घोटाईत काच संगमरवरापेक्षा वेगळी वागते. संगमरवर मोह्‌ज मापावर ३, काच साडेपाच-सहा. दोन्ही एकत्र मिसळले तर दगड चटकन झिजतो आणि काच उंचवट्यासारखी वर राहते, पायाला कळतं. त्यामुळे एका चौकोनात एकच जात ठेवा. सात दिवस झाल्याशिवाय मशीन लावू नका, कच्च्या सिमेंटमधून काचेचे खडे उपटून निघतात. घोटाईच्या ६० नंबरच्या दगडाच्या पहिल्या कटानंतर खळगे त्याच रंगाच्या स्लरीने भरा, पाच-सहा दिवस ओलं ठेवा, मग १२० आणि शेवटी ३२०. पहिल्या कटाचे ओरखडे काचेवर स्पष्ट दिसतात, ते १२० वर पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

न्हाणीघर आणि उघड्या गच्चीवर सिमेंटचं काचेचं मोझॅक टाळाच. तिथे खर्च परवडत असेल तर इपॉक्सीत करा. इपॉक्सीत अल्कली नाही, म्हणून हा रोगही नाही. गच्चीत मात्र उन्हाने न पिवळणारं रेझिन मागून घ्या.

सुटी काच: निचरा आणि भराव

सिमेंट नाही तिथे जेलीचा प्रश्नच नाही. ५ ते २० मिमीची काच राखण भिंतीच्या (माती अडवणाऱ्या, रिटेनिंग वॉलच्या) मागे, पाणी जायच्या भोकांच्या तोंडाशी किंवा काळ्या मातीतल्या निचऱ्याच्या चरात खडीसारखी वापरता येते. ती पाणी पीत नाही, फुगत नाही, कुजत नाही.

तिचा एक गुण मुरमात नाही: दबाईला ओलाव्याचं गणित लागत नाही. मुरूम जास्त भिजला की रोलरखाली रबरासारखा लवतो; काचेचा भराव पावसाच्या भुरभुरीतही १५० मिमीच्या थरांत प्लेट कॉम्पॅक्टरने दाबता येतो. पीव्हीसी पाइपभोवती मात्र ५ मिमीच्या खालची, धार मोडलेली काचच घाला, नाहीतर पाइपला चरे पडतात. जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) अंथरायचं असेल तर त्याच्या आणि काचेच्या मध्ये वाळूचा बोटभर थर द्या. वरचे किमान ३०० मिमी माती किंवा मुरूमच हवा. मुलं खेळतात किंवा पुढेमागे कोणी आळं खणेल अशा जागी काच पुरूच नका.

कुठे वापरायची नाही

स्लॅब, कॉलम, बीम, पाया आणि पाण्याची टाकी यांत नाही. आयएस ३८३ ची २०१६ ची आवृत्ती स्लॅग, बॉटम अ‍ॅश आणि तोडलेल्या काँक्रीटच्या खडीला मर्यादित परवानगी देते, त्या यादीत काच नाही. त्यामुळे आरसीसीत ती घातलीत तर कोणताही जबाबदार इंजिनियर सही करणार नाही. गिलाव्यातही नको. भिंतीला पाठ टेकते, हात घासतो, आणि थापी मारताना गवंड्याची बोटं आधी सोलतात.

सिमेंटऐवजी काचेची भुकटी घालायची असेल तर १५-२० टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण ती सगळी ७५ मायक्रॉनच्या खाली हवी. त्याला बॉल मिल आणि कित्येक तासांची वीज लागते. अठ्ठावीस दिवसांना ताकद थोडी मागे असते, नव्वद दिवसांपर्यंत भरून येते. अशा भुकटीसाठी एएसटीएम सी १८६६ हे मानक २०२० पासून आहे. विकत घेत असाल तर त्यानुसारचा चाचणी अहवाल मागा. हॅमर मिलखाली साठलेली धूळ नुसती चाळून सिमेंटच्या जागी घालू नका. ती हाताला मैद्यासारखी लागली तरी तिच्यात १५०-२०० मायक्रॉनचे कण भरपूर असतात, आणि ते सिमेंटचं काम करत नाहीत.